अमेरिकी लष्कराला माल पुरवताना वस्तूवरचा ओळख क्रमांक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, मागच्या पानांवर, बारीक अक्षरांच्या गर्दीत एक ओळ असते : ‘डीफार्स २५२.२११-७००३ लागू’. अमेरिकी संरक्षण खात्याच्या खरेदी नियमावलीतलं, वस्तूवरच्या ओळख क्रमांकाचं हे कलम. तोवर किमतीची घासाघीस झालेली असते, मटेरियल आलेलं असतं, पहिला लॉट मशीनवरून उतरलेला असतो. ती ओळ कोणाच्या तरी नजरेस पडते ती माल पॅक करायच्या दिवशी. मग फोन सुरू होतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बेळगाव, हैदराबाद असे कुठूनही हे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. क्वालिटी आणि डॉक्युमेंटेशनच्या कामात मी त्यांची जी उत्तरं देत आलो, ती इथे एकत्र लिहिली आहेत. तुमच्या कंत्राटात छापलेला मजकूर या पानापेक्षा नेहमीच वरचढ, हे धरून वाचा.

आययूआयडी म्हणजे नक्की काय?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विकत घेतलेल्या ठराविक वस्तूंपैकी प्रत्येक नगाला जगात दुसऱ्या कशालाही नसेल असा क्रमांक देण्याची पद्धत म्हणजे आययूआयडी. त्या क्रमांकाला यूआयआय म्हणतात. तो चौकोनी डेटा मॅट्रिक्स कोडच्या रूपात वस्तूवर कायमचा उमटवायचा आणि वस्तू देताना त्याची सरकारी रजिस्ट्रीत नोंद करायची, असं हे दोन भागांचं काम आहे.

आपल्याकडे समजावताना मी आधारची उपमा देतो. पार्ट नंबर म्हणजे आडनाव, घरातल्या सगळ्यांना एकच. यूआयआय म्हणजे त्या एका माणसाचा आधार क्रमांक. माणसाने घर बदललं, नोकरी बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. वस्तूचंही तसंच आहे. ती दुरुस्त झाली, सुधारली गेली, एका तळावरून दुसऱ्या तळावर गेली, तरी जन्माला मिळालेला यूआयआय बदलत नाही. भंगारात गेली तरी तो दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

हे कधीपासून आहे आणि कशासाठी?

संरक्षण खात्यात खरेदीचा कारभार तेव्हा मायकल विन यांच्याकडे होता. २९ जुलै २००३ रोजी त्यांनी धोरणाचं पत्रक काढलं आणि १ जानेवारी २००४ पासूनच्या निविदांना ही अट लागली. ती डीफार्समध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या खरेदी नियमावलीत, कलम म्हणून आली.

कारण समजायला सोपं आहे. इतक्या मोठ्या खात्याकडे नेमकं काय आहे, किती किमतीचं आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे एका यादीतून सांगता येत नव्हतं. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या याद्या वेगळ्या, कंत्राटदारांच्या आणखी वेगळ्या. एकाच रेडिओला तीन ठिकाणी तीन नावं असायची. खात्याचं पहिलं संपूर्ण आर्थिक ऑडिट २०१८ च्या आर्थिक वर्षासाठी झालं आणि ऑडिटरांनी मत द्यायला नकार दिला. मालमत्तेचा हिशेब न जुळणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. कलमाच्या नावातच ओळखीसोबत ‘मूल्यांकन’ हा शब्द आहे तो यामुळेच. क्रमांकाबरोबर प्रत्येक नगाची किंमतही नोंदवावी लागते.

हिशेबापलीकडचा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. एखादा पंप हवेत बंद पडला, तर त्याच लॉटमधले बाकीचे पंप कोणत्या विमानांवर बसले आहेत हे शोधायचं असतं. वस्तूवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच असेल तरच ते शक्य होतं. आपण चिकटवलेल्या त्या नखाएवढ्या चौकोनामागे कोणाचा तरी जीव आहे.

आमच्या मालाला हे लागू आहे का?

पहिली कसोटी किमतीची. एका नगाची सरकारला पडणारी किंमत ५,००० डॉलर किंवा जास्त असेल तर लागू. मात्र ‘आमचा पार्ट तर तीनशे डॉलरचा आहे’ म्हणून सुटलो असं समजू नका. किंमत कमी असली तरी कंत्राटाच्या शेड्यूलमध्ये त्या वस्तूचं नाव घातलं असेल, तर अट लागते. सीरियल नंबरने सांभाळल्या जाणाऱ्या वस्तू, वॉरंटी असलेल्या वस्तू, खास लक्ष ठेवण्याजोग्या ठरवलेल्या वस्तू आणि मोठ्या वस्तूच्या पोटात बसणारे काही भाग, हे सगळे कंत्राटात नमूद केले असतील तर यात येतात. नट, बोल्ट, वॉशर असा वजनावर किंवा डब्यावर मोजायचा माल यात येत नाही.

कुठली किंमत धरायची? आमची की प्राइमची?

सरकारला पडणारी. (प्राइम म्हणजे सरकारशी थेट कंत्राट असलेला मुख्य कंत्राटदार.) ठरलेल्या भावाचं कंत्राट असेल तर त्या ओळीवरचा एका नगाचा भाव. खर्चावर आधारित कंत्राट असेल तर सगळे वरचे खर्च धरून, माल देतेवेळी केलेला अंदाज. तुम्ही प्राइमला ४,२०० डॉलरला दिलेली वस्तू प्राइम सरकारला ५,६०० ला सुटी विकत असेल, तर ती उंबरठा ओलांडते. तुमच्या इनव्हॉइसवरून हे ठरत नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच प्राइमला लेखी विचारा.

आम्ही अमेरिकी सरकारला थेट काहीच विकत नाही. मग आमचा काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आपल्याकडचे बहुतेक पुरवठादार दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असतात. हैदराबादला टाटा आणि बोइंगच्या संयुक्त कारखान्यात अपाची हेलिकॉप्टरची फ्यूजलाज, म्हणजे मुख्य सांगाडे, बनतात, तिथेच टाटा आणि लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात सी-१३०जे विमानाचे शेपटीचे भाग बनतात. अशा कामांच्या खाली मशीनिंग, शीट मेटल, कास्टिंग आणि प्लेटिंगच्या छोट्या शॉपची लांब साखळी असते.

कलमात स्पष्ट लिहिलं आहे की ओळख क्रमांक लागणारी वस्तू मुख्य कंत्राटदार दुसऱ्याकडून घेत असेल, तर हेच कलम त्याने त्या दुसऱ्याच्या कंत्राटातही घालायचं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मालालाही यातून वगळलेलं नाही. इंडस्ट्रीत याला फ्लो-डाउन म्हणतात. सरकारपुढे उत्तर प्राइम देतो, पण तुमच्या पीओत ते कलम आलं की मार्किंग करणं आणि माहिती देणं ही तुमची कंत्राटी जबाबदारी होते. सरकारी पोर्टलवरची नोंद मात्र सहसा प्राइमच करतो. तुम्हाला त्याला बिनचूक माहिती पुरवायची असते.

छोट्या उद्योगाला सूट मिळत नाही का?

सूट आहे, पण ती तुम्ही मागून मिळत नाही. माल दिल्यानंतर सरकारनेच क्रमांक देऊन मार्किंग करणं स्वस्त पडतं असं खात्याने कागदोपत्री ठरवलं आणि विक्रेता लघुउद्योग असेल किंवा वस्तू बाजारात सर्रास मिळणारी असेल, तर सूट देता येते. आणीबाणीच्या लष्करी मोहिमेसाठी किंवा अण्वस्त्र, जैविक, रासायनिक हल्ल्यापासून बचावासाठी लागणाऱ्या मालालाही देता येते. हे ठरवणारे अधिकारी अमेरिकेत वरच्या पातळीवरचे असतात. तुमच्या हातात असा कागद नसेल तर सूट नाही असं धरून चाला.

क्रमांक बनतो कसा?

दोन रचना आहेत.

रचना १ : कंपनीची ओळख अधिक सीरियल नंबर. यात कंपनीने दिलेला प्रत्येक सीरियल नंबर सगळ्या उत्पादनांत मिळून एकदाच यायला हवा. गिअरला ००१ दिला की हाउसिंगला ००१ देता येत नाही.

रचना २ : कंपनीची ओळख अधिक मूळ पार्ट नंबर किंवा लॉट नंबर, अधिक सीरियल नंबर. यात सीरियल त्या पार्ट नंबरपुरता वेगळा असला की पुरे.

दोन्हींच्या पुढे, कंपनीची ओळख कोणत्या संस्थेने दिली आहे हे सांगणारं चिन्ह लागतं. केज कोड, म्हणजे अमेरिकी सरकारी व्यवहारात कंपनीला मिळणारा पाच अक्षरांचा कोड, असेल तर रोमन लिपीतलं ‘डी’. काल्पनिक उदाहरण घ्या. केज १२३४५, पार्ट नंबर ६७८-९, सीरियल ००१ असेल, तर रचना २ चा यूआयआय होतो डी१२३४५६७८-९००१. नुसतं बघून यात केज कुठे संपतो आणि पार्ट नंबर कुठे सुरू होतो ते कळत नाही. म्हणूनच कोडच्या आत हे तुकडे वेगवेगळे, खुणा लावून ठेवतात आणि जोडायचं काम वाचणारी यंत्रणा करते.

चालणारी अक्षरं म्हणजे मोठी रोमन अक्षरं, ० ते ९ अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ, बस. छोटं अक्षर, मोकळी जागा, टिंब, हॅश यातलं काही चालत नाही. सगळं मिळून ५० च्या आत बसवायचं. पार्ट नंबरमध्येच टिंब किंवा मोकळी जागा असेल तर तो आपल्या मनाने बदलू नका. प्राइमकडून लेखी उत्तर घ्या, किंवा रचना १ वापरा, तिच्यात पार्ट नंबर क्रमांकाचा भाग नसतोच.

गाडीचा व्हीआयएन (चासी नंबर) किंवा जीएस१ या बारकोड संस्थेच्या पद्धतीतला मालमत्तेचा क्रमांक जीआयएआय यांसारखे काही क्रमांक यूआयआयच्या बरोबरीचे मानले जातात. त्यांना वेगळा यूआयआय लागत नाही. जीएस१ इंडियाचा ८९० ने सुरू होणारा कंपनी क्रमांक तुमच्याकडे असेल तर हा रस्ता उघडा आहे. पण लष्करी कामात प्राइम बहुतेक वेळा केजच मागतो.

यातली कुठली रचना घ्यावी?

रचना २ घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या शॉपमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या पार्टला १ पासून सीरियल देण्याची सवय असते आणि रजिस्टरही तसंच चालतं. रचना १ साठी सगळ्या उत्पादनांचं एकच सीरियल रजिस्टर लागतं. रात्रपाळीचा ऑपरेटर आणि दिवसपाळीचा इन्स्पेक्टर दोघांनी ते वर्षानुवर्षं काटेकोरपणे सांभाळायचं असतं. ज्यांच्याकडे ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदींचं सॉफ्टवेअर, नीट चालते त्यांनी रचना १ जरूर घ्यावी. हाताने लिहिलेल्या वहीवर चालणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

केज कोड कोणाचा टाकायचा, आमचा की प्राइमचा?

जो क्रमांक देतो आणि तो दुसऱ्या कशालाही जाणार नाही याची हमी घेतो, त्याचा. वस्तू कोणी बनवली यावर हे ठरत नाही. प्राइमने सीरियलची यादी तुम्हाला आखून दिली असेल आणि वेगळेपणा तो सांभाळणार असेल तर त्याचा केज. तुम्ही स्वतः सीरियल देत असाल तर तुमचा. दोघांनी एकमेकांवर सोडलं की एकाच केजखाली दोन शॉप ००१ पासून सुरुवात करतात आणि जगात एकच असायला हवा तो क्रमांक दोन पेट्यांवर निघतो. हे ड्रॉइंगवर किंवा पीओत लिहून घ्या, फोनवरच्या शब्दावर राहू नका.

अमेरिकेबाहेरच्या कंपनीला एनकेज कोड मिळतो. तोही पाच अक्षरांचाच, आणि त्याच्याही पुढे ‘डी’च लागतो. भारतातल्या कंपन्यांची ही कोडची कामं संरक्षण मंत्रालयाच्या मानकीकरण संचालनालयाकडे असतात. लॉट तयार झाल्यावर अर्ज करू नका. ऑर्डरची बोलणी सुरू होताच करा.

कोडच्या आत नेमकं काय भरायचं? आमचं लेबल सॉफ्टवेअर डेटा मॅट्रिक्स काढतं.

चौकोन काढणं सोपं आहे, आत भरायचं तेच अवघड. चिन्ह डेटा मॅट्रिक्स ईसीसी २००, म्हणजे आयएसओ/आयईसी १६०२२ प्रमाणे. आतल्या मजकुराची मांडणी आयएसओ/आयईसी १५४३४ प्रमाणे. सगळ्यात जास्त वापरला जाणारा फॉरमॅट ०६ आहे. त्यात केजच्या आधी ‘१७व्ही’, पार्ट नंबरच्या आधी ‘१पी’ आणि सीरियलच्या आधी ‘एस’ ही खूण असते. सुरुवातीला ठरलेलं शीर्षक, तुकड्यांच्या मधे विभाजक, शेवटी समाप्तीची खूण.

घोळ होतो तो विभाजकांचा. ते डोळ्यांना दिसणारे वर्ण नसतात. अस्कीतले, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यातले, २९, ३० आणि ४ क्रमांकाचे नियंत्रण वर्ण असतात. मी एका शॉपमध्ये क्वालिटी बघत असताना चाळीस अ‍ॅनोडाइज्ड हाउसिंगचा लॉट गेला होता. लेबलवाल्या मुलाने नमुन्याच्या कागदावर दिसलं तसं टाइप केलं होतं. विभाजकाच्या जागी कंसासारख्या दोन खुणा आणि त्यांच्या मधे रोमन ‘जीएस’ ही अक्षरं, म्हणजे विभाजकाचं नुसतं नाव. मोबाइलने स्कॅन केल्यावर सगळं अगदी नमुन्यासारखंच दिसत होतं. आम्ही सही केली. ग्राहकाच्या इनकमिंग तपासणीला मशीनने वाचलं तेव्हा त्याला एकच लांबलचक निरर्थक मजकूर मिळाला. चाळीसच्या चाळीस परत आले. लेबलं काढायला बसलो तेव्हा गोंद इतका घट्ट होता की कडा उचलताना पृष्ठभागावर चरा पडेल या भीतीने हात कापत होते. आयपीए या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कापडाने एकेक हाउसिंग पुसत दोन दिवस गेले. चूक आमचीच होती. तेव्हापासून मी पहिलं लेबल विभाजकांचे वर्ण दाखवणाऱ्या वाचकातून बघितल्याशिवाय दुसरं छापू देत नाही.

मोबाइलने वाचता येतो म्हणजे कोड बरोबर ना?

नाही. वाचणं आणि पडताळणं ही दोन वेगळी कामं आहेत. ईसीसी २०० मध्ये चूक सुधारण्याची सोय असते. चौकोनाचा काही भाग खराब असला तरी वाचक उरलेल्यावरून मजकूर जुळवून घेतो. म्हणजे आज तुमच्या टेबलावर, चांगल्या उजेडात वाचला गेलेला कोड सुधारण्याची सगळी ताकद वापरून वाचला गेला असू शकतो. वाळवंटात वर्षभर घासल्यावर त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही.

म्हणून व्हेरिफायर लागतो. ठरलेल्या कोनातला प्रकाश टाकून तो काळ्या-पांढऱ्यातला फरक, चौकटींची रचना, कडेची मोकळी जागा, सुधारणेची न वापरलेली क्षमता हे सगळं मोजतो आणि ० ते ४ मध्ये ग्रेड देतो. मार्किंगचं मूळ मानक मिल-स्टँडर्ड-१३०, त्याची एन आवृत्ती. छापील लेबलसाठी ते आयएसओ/आयईसी १५४१५ प्रमाणे किमान ३.० ग्रेड मागतं. डॉट-पीन किंवा लेसरने थेट धातूवर उमटवलेल्या खुणांना वेगळ्या पद्धतीने ग्रेड देतात आणि तिथे किमान २.० लागतो. कोडमधल्या एका बारीक चौकटीचा आकार ०.००७५ ते ०.०२५ इंच.

व्हेरिफायर महाग असतो, हे खरं. छोट्या शॉपने तो विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात किंवा तुमच्या जवळपास कोणाकडे तो आहे ते शोधा, प्रत्येक लॉटचे नमुने तपासून घ्या आणि अहवाल फाइलला लावा.

लेबल लावायचं की थेट धातूवर उमटवायचं?

ड्रॉइंग सांगेल ते. ड्रॉइंग गप्प असेल तर वस्तूचं आयुष्य डोळ्यासमोर आणा. मानकाची मागणी अशी की खूण वस्तूच्या नेहमीच्या आयुष्यभर वाचता यायला हवी आणि त्या वस्तूला लागणाऱ्या सगळ्या चाचण्या नि साफसफाई तिने सोसायला हवी. हायड्रॉलिक तेलात राहणाऱ्या पार्टला साधं पॉलिस्टर लेबल म्हणजे पावसात लावलेलं पोस्टर. तिथे अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, लेसर किंवा डॉट-पीन.

पण डॉट-पीन म्हणजे धातूला टोच्या मारणं. ताण सोसणाऱ्या भागावर त्या टोच्यांतून तडा सुरू होऊ शकतो. डिझाइनवाल्याच्या लेखी परवानगीशिवाय अशा भागाला पिनने हातही लावू नका.

क्रमही महत्त्वाचा. आधी खूण आणि मग प्लेटिंग केलं तर कोड भरून जातो. प्लेटिंगनंतर लेसर मारला तर गंजरोधक थर फुटतो. प्रोसेस शीटमध्ये मार्किंगचं ऑपरेशन नेमक्या कितव्या क्रमांकावर आहे, हे पहिला नमुना करतानाच ठरवा. आणि मार्किंगची जागा अशी निवडा की असेम्ब्ली झाल्यावर ती दुसऱ्या भागामागे झाकली जाणार नाही.

यादी एक्सेलमध्ये पाठवली तर चालेल का?

चालेल, पण एक्सेल तुमच्या क्रमांकांवर स्वतःचं डोकं चालवतं. ००४२ लिहिलं की ते ४२ करतं. पार्ट नंबरमध्ये अंकांच्या मधे रोमन ‘ई’ आला की त्याला घातांकाची संख्या समजून भलतंच काही दाखवतं. लेबलवर ००४२ आणि यादीत ४२ असेल तर रजिस्ट्रीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग भरा. त्याहून बरं म्हणजे यादी हाताने टाइपच करू नका. लावून झालेल्या लेबलांवरून स्कॅनरने यादी तयार करा. वस्तूवर जे आहे तेच कागदावर येतं.

नोंदणी कुठे आणि कशी होते?

संरक्षण खात्याच्या पीआयईई नावाच्या पोर्टलवर. खात्याशी थेट कंत्राट असणारा तिथे विक्रेता म्हणून खातं उघडतो. माल पाठवताना त्याच पोर्टलवरच्या वाइड एरिया वर्कफ्लो या भागात रिसीव्हिंग रिपोर्ट, म्हणजे माल पोचवल्याचा कागद, भरतो आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला यूआयआयची माहिती जोडतो. सरकारी प्रतिनिधीने माल स्वीकारला की माहिती आययूआयडी रजिस्ट्रीत जाते. वेगळा अर्ज नाही, फी नाही.

माहिती अशी लागते : यूआयआय आणि त्याचा प्रकार, कंपनीची ओळख आणि ती कोणत्या संस्थेने दिली, मूळ पार्ट नंबर, लॉट असल्यास तो, सीरियल, सध्याचा पार्ट नंबर वेगळा असेल तर तो आणि कधीपासून, सरकारला पडलेली किंमत, मोजण्याचं एकक, वस्तू खास टूलिंग किंवा तपासणीचं साधन आहे का आणि तिला वॉरंटी आहे का.

तुम्ही खालच्या पायरीवर असाल तर यातलं तुमच्याकडचं सगळं प्राइमला डिस्पॅचच्या आधी द्या. माल विमानात आणि यादी ‘उद्या पाठवतो’ असं झालं की प्राइमचा रिपोर्ट अडतो, त्याचं बिल अडतं, आणि त्याच्यामागे तुमचंही.

रजिस्ट्रीत वस्तू सध्या कुठे आहे हे दिसतं का?

नाही. रजिस्ट्री हा वस्तूचा जन्मदाखला आहे. कोणी बनवली, कोणत्या कंत्राटात दिली, किती किमतीला, असं सगळं तिथे राहतं. ती आज कोणत्या गोदामात आहे हे सांभाळायला वेगळ्या यंत्रणा आहेत.

मोठ्या असेम्ब्लीत आमचा पार्ट बसतो. त्याला वेगळा क्रमांक लागतो का?

कंत्राटाच्या जोडपत्रात त्या पार्टचं नाव असेल तर हो. मग असेम्ब्लीचा यूआयआय आई आणि तुमच्या पार्टचा यूआयआय मूल, असं नातं नोंदवलं जातं. कोणत्या असेम्ब्लीत कोणता सीरियल बसला हे फक्त जोडणी करणाऱ्या माणसालाच माहीत असतं, म्हणून ती नोंद बेंचवर, जोडतानाच व्हायला हवी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या यादीवर मी विश्वास ठेवत नाही.

पार्ट नंबर बदलला, लेबल निघालं, किंवा चुकीचा क्रमांक गेला तर?

सुधारणा होऊन पार्ट नंबर बदलला, तरी यूआयआय तोच राहतो. नवा पार्ट नंबर ‘सध्याचा’ म्हणून वेगळा नोंदवतात. लेबल खराब झालं तर नवीन लेबलवर तोच यूआयआय. एका वस्तूला दुसरा यूआयआय देऊ नये. चुकीचा क्रमांक तुमच्या दारातच सापडला तर तो बाद म्हणून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा आणि पुन्हा वापरू नका. माल स्वीकारला गेल्यानंतर सापडला तर लगेच प्राइमला कळवा. लपवलेली चूक शेवटी दोन वस्तूंची कागदपत्रं बिघडवते.

खोक्यावरचं लष्करी लेबल लावलं, ते पुरेसं नाही का?

ते वेगळं. मिल-स्टँडर्ड-१२९ हे पॅकिंग आणि खोक्यासाठी आहे, १३० हे वस्तूसाठी. खोकं फेकून दिलं जातं, वस्तू राहते. आरएफआयडी टॅगही, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायची चिपही, यूआयआयची जागा घेत नाही.

अमेरिकी सरकारने दिलेली गेज आणि टूलिंग आमच्याकडे आहेत. त्यांचं काय?

त्याला वेगळं कलम आहे, २५२.२४५-७००५. २०२४ च्या आधीच्या कंत्राटांत ते २५२.२११-७००७ होतं. सरकारची मालमत्ता कंत्राटदाराच्या ताब्यात असेल तर तिचं येणं-जाणं नोंदवावं लागतं. अशी गेज वेगळ्या कपाटात, कुलपात आणि स्वतःच्या यादीसह ठेवा.

भारतीय सैन्याच्या ऑर्डरला हेच चालतं का?

डीफार्सचं कलम फक्त अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटांना लागतं. भारतीय ऑर्डरमध्ये त्या कंत्राटातलं आणि ड्रॉइंगमधलं मार्किंगच पाळा. नाटो देशांसाठी याच धर्तीचा स्टॅनॅग २२९० हा करार आहे, त्यामुळे युरोपच्या ग्राहकाकडून अशी मागणी आली तर नवल वाटून घेऊ नका. इथे बसवलेली शिस्त तिथेही उपयोगी पडते.

आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि केज बदलला. जुन्या मालावर नवी लेबलं लावायची का?

नाही. जुन्या केजने दिलेले यूआयआय जसेच्या तसे राहतात, वस्तू असेपर्यंत. नवा केज नव्या वस्तूंना, तुम्ही ठरवाल त्या तारखेपासून. जुनं सीरियल रजिस्टर मात्र नव्या मालकाच्या ताब्यात नीट द्या. बंद झालेल्या एका युनिटचं असं रजिस्टर मी रद्दीच्या गठ्ठ्यातून बाहेर काढलं होतं. त्यातल्या सीरियलचे पार्ट तेव्हाही वापरात होते.